फाटकाआधीची पंधरा मिनिटं : प्रकल्प नोंदी

प्रकल्प : ढोल्या (लॅब्राडोर, नर, वय ४) आणि बिजली (मुधोळ, मादी, वय ३) यांना सकाळी फिरायला नेताना फाटकातून चालत बाहेर काढणे.
ठिकाण : आमचं घर, विश्रामबाग, सांगली.
मुदत : सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, पुन्हा लीश (कुत्र्याला धरायची दोरी) धरायची परवानगी मिळेपर्यंत.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

काल पहाटे पावणेसहाला सुलभा फाटकाजवळ पडली. पडली म्हणजे ओढली गेली. डाव्या हातात ढोल्या, उजव्यात बिजली. मी मागे दाराला कुलूप लावत होतो. तिने कडी काढली, फाटक वीतभर सरकलं आणि ढोल्याचे ३८ किलो नि बिजलीचे २४ किलो एकदमच त्या फटीत घुसले. लीश तिने मनगटाला गुंडाळलेली होती. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. तीन महिने कुत्र्यांचं नाव काढायचं नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलंय.

साखर कारखान्यात मी एकतीस वर्षं पाळीचं लॉगबुक लिहिलं. अपघात झाला की आधी माणूस बघायचा, मग नोंदी बघायच्या, आणि दोष कुणाचा ते सगळ्यात शेवटी, अशी आमची रीत. इथे नोंदीच नाहीत. चार वर्षं रोज सकाळी हा धिंगाणा चाललाय आणि आम्ही कौतुकाने म्हणत आलो, ‘बघा, किती आनंद झालाय त्याला!’

म्हणून ही वही. पहिली नोंद : लीश मनगटाला गुंडाळणं आजपासून बंद. फास हातात, अंगठा मोकळा.

१४ जानेवारी, संक्रांत

आज काहीच केलं नाही, फक्त घड्याळ घेऊन बघत बसलो.

५.०५ – चहा. दोघंही झोपलेली. बिजलीचा एक कान उभा.
५.१९ – कप मोरीत ठेवला. ढोल्या उठला.
५.२१ – मोज्यांचा खण उघडला. ढोल्याचं कुईं कुईं सुरू, शेपटीने टीपॉयवरचा पेपर खाली.
५.२४ – गुडघ्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो ‘चर्र’ वाजलं. दोघंही भुंकायला लागली.
५.२८ – खुंटीवरची लीश. ढोल्या दोन पायांवर. बिजली दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि परत, फरशीवर घसरत.
५.३४ – पट्टा गळ्यात. ढोल्याचं तोंड माझ्या मनगटावर. चावा नाही, पण दात लागतात.
५.३७ – कडी.

अपघात फाटकाशी झाला, पण शेगडी कप मोरीत ठेवला तेव्हाच पेटली होती. मध्ये अठरा मिनिटं. बॉयलरवर काम केलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं.

दूधवाला म्हणाला, ‘काका, तुमची कुत्री वरडली की मी कॉर्नरवरच कॅन काढतो. घड्याळच हाय माझं.’ समोरचे जोशीही त्याच गजरावर उठतात म्हणे. म्हणजे सार्वजनिक सेवा चालू होती आमची.

१६ जानेवारी

माळ्यावरून जुना स्प्रिंगचा तानकाटा काढला आणि लीश नि हाताच्या मधे अडकवला. सुलभा म्हणाली, ‘अहो, कुत्री आहेत ती, साखरेची पोती नव्हेत.’ तरी मोजलं.

ढोल्या : फाटकाशी १९ किलो. कोपऱ्यावर ९. दहा मिनिटांनी ३ ते ४. परतताना काटा जवळजवळ शून्यावर.
बिजली : सरासरी कमी, पण झटके. मांजर दिसलं तेव्हा ११.

चार वर्षं ‘फार ओढतो’ म्हणून ढोल्याला नावं ठेवली. पाऊण तासाच्या फेरीतला सगळा ताण पहिल्या शंभर पावलांत आहे.

१८ जानेवारी

पशुवैद्यांकडे दोघांची तपासणी. कान, दात, पाठ, कंबर ठीक. दुखणं असलं तरी कुत्रं असंच बेचैन होतं, त्यामुळे शिकवण्याआधी हे बघून घेणं बरं, असं त्यांचं मत. ढोल्याचं वजन ३८.४. त्याच्या हाडापेराला बत्तीसच्या आसपास पुरे. मी म्हटलं, ‘डॉक्टर, सारखा भुकेलेला असतो हो.’ त्यावर त्यांनी एक माहिती दिली : केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांचा खाण्याकडे ओढा जास्त, वजनही जास्त. ढोल्याची काही तशी तपासणी केलेली नाही. पण म्हणाले, ‘खादाड आहे ना? मग तुमचं काम सोपं. खाऊ चण्याएवढा करा आणि तेवढं जेवणातून कापा.’

बिजलीचा पट्टा त्यांनी बदलायला सांगितला. मुधोळचं डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा ती मागे सरकून सहज काढते (दोनदा काढलाय). तिला मार्टिंगेल, म्हणजे ओढला की ठरावीक मापापर्यंतच आवळणारा पट्टा. ढोल्याला छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बसणारा पट्टा. पाठीवरच्या कडीने कुत्र्याला ओढायला उलट बळ मिळतं, बैलाच्या खांद्यावर जू बसावं तसं. छातीच्या कडीने तो ओढायला गेला की अंग आडवं वळतं.

निघताना त्यांनी सहज विचारलं, ‘रात्री शेवटची लघवी कितीला?’
‘नऊला.’
‘आणि सकाळी?’
‘पावणेसहा.’
‘पावणेनऊ तास धरून बसलेल्याला तुम्ही फाटकापाशी धीर शिकवणार?’

गाडीत बसल्यावर सुलभा खूप वेळ हसत होती.

१९ जानेवारी

उठल्याबरोबर मागचं दार उघडून दिलं. लीश नाही, पट्टा नाही, बोलणं नाही. परसात दोघं मोकळी होऊन तीन मिनिटांत परत. मग माझा चहा. कपाच्या वेळी ढोल्या उठला, पण कुईं कुईं दोन मिनिटं उशिरा सुरू झालं. निकड वेगळी आणि सहल वेगळी. आम्ही दोन्ही एकाच फाटकातून नेत होतो.

२२ जानेवारी

फसलेला प्रयोग. आधी दमवावं म्हणून परसात वीस मिनिटं चेंडू फेकला. ढोल्या दमला नाही, चेकाळला. डोळे मोठे, जीभ फावड्यासारखी, आणि फाटकाशी काटा २२ वर. आजवरचा उच्चांक. पळापळीने अंगात चढलेली ती रग पाच मिनिटांत उतरत नाही. शिवाय रोज असं केलं तर महिनाभरात तो अर्ध्या तासाच्या चेंडूलाही दमणार नाही. पैलवान तयार करायचा नाहीये मला.

चेंडू कपाटात.

२५ जानेवारी

ओंकारचा बेंगळुरूहून फोन. ‘बाबा, शॉकवाला पट्टा मिळतो ऑनलाइन. दोन दिवसांत सरळ होतील.’ शेजारच्या काकांनी काट्यांची साखळी सुचवली.

नाही म्हटलं. दया हे एक कारण, पण कारखान्यातला हिशेब दुसरा. फाटक उघडतं तेव्हा बाहेर शाळेची मुलं असतात, रिक्षा असते, जोश्यांचा नातू सायकलवर असतो. कळ नेमकी तेव्हा लागली तर कुत्रं ती कशाशी जोडेल? माझ्या हातातल्या बटणाशी जोडेल याची हमी कोण देतो? आज नुसता उतावळा असलेला ढोल्या उद्या सायकल दिसली की गुरगुरायला लागला, तर ते दुरुस्त करायला माझं उरलेलं आयुष्य पुरायचं नाही.

२७ जानेवारी

आजपासून ‘खोट्या खुणा’.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या कामासाठी. त्याच्या कुत्र्यांना खाणं समोर यायच्या आधीच, ते आणणारा माणूस दिसला तरी लाळ सुटायची. आमच्याकडे त्या माणसाच्या जागी मोज्यांचा खण आहे. खण म्हणजे फाटक, हे समीकरण चार वर्षं एकदाही चुकलेलं नाही. मग ते चुकवायचं. दिवसातून पंधरा-वीस वेळा खण उघडायचा आणि बंद करायचा. गुडघ्याचा पट्टा बांधून भाजी निवडायला बसायचं. लीश खुंटीवरून काढायची, ‘पुढारी’ वाचायचा, लीश परत खुंटीला. कुठेही जायचं नाही, कुत्र्यांकडे बघायचंही नाही.

खरी फेरी मात्र रोज होणारच, ती बंद करून चालत नाही. सध्या ती वेगळ्या वाटेने : मोजे रात्रीच बाहेर काढून ठेवायचे, लीश मागच्या दाराशी, आणि परसातल्या लहान दिंडीतून बाहेर. एकेकाला. आधी ढोल्या, मग बिजली. माझी फेरी दुप्पट झाली. गुडघ्याचे डॉक्टर खूश होतील.

‘फिरायला’ हा शब्दही घरात बंद आहे. तसा तो दोन वर्षांपूर्वीच बंद केला होता. मग ‘वॉक’ आला, तो कुत्र्यांना कळला. मग सुलभा ‘पर्यटन’ म्हणायला लागली. तेही कळलं. आता टीव्हीवर पर्यटनमंत्री बोलायला लागले की ढोल्या दाराशी जाऊन उभा राहतो.

३० जानेवारी

वाढलंय. लीश काढून मी पेपर उघडला तर ढोल्याने पेपरवरच उडी घेतली. संपादकीय गेलं. बिजली, जी सहसा भुंकत नाही, ती सलग पाच मिनिटं भुंकली.

घाबरलो नाही, कारण हे अपेक्षित होतं. बटण दाबून लिफ्ट आली नाही तर माणूस काय करतो? पुन्हा दाबतो, दहादा दाबतो, जोरात दाबतो. मगच जिन्याकडे वळतो. कुत्रं सध्या बटण दाबतंय. याच वेळी मी हार मानून फाटक उघडलं तर ‘दहादा दाबलं की लिफ्ट येते’ हा धडा पक्का होईल.

सुलभाला हे समजावलं. ती म्हणाली, ‘प्लास्टरवाला हात माझा आहे. मला नका समजावू, जोश्यांना समजवा.’ समजावून आलो.

४ फेब्रुवारी

खण उघडला. ढोल्याने डोकं उचललं, माझ्याकडे बघितलं आणि परत टेकवलं. नाकातून एक लांब सुस्कारा.
वेळ लिहून ठेवली : दुपारी ४.१२.

७ फेब्रुवारी

खुणा निम्म्या बोथट झाल्या. पण ‘हे करू नको’ एवढ्याने भागत नाही, त्या जागी काय करायचं ते द्यावं लागतं. आईच्या जुन्या दोन गोधड्या काढल्या. हिरवी ढोल्याची, चौकड्याची बिजलीची. दाराजवळ नाही, दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला.

पद्धत : कुत्रं आपणहून गोधडीवर बसलं की उकडलेल्या चिकनचा चण्याएवढा तुकडा दोन पंज्यांच्या मधे, गोधडीवर ठेवायचा. हातातून द्यायचा नाही, हवेत तर मुळीच फेकायचा नाही. हवेत उडणारा तुकडा झेलायला ते उठतं, खाली ठेवलेल्यासाठी मान खाली घालतं. मान खाली, कोपरं खाली, मग कंबर एका बाजूला कलते. कलली की आणखी एक तुकडा. माझी हालचाल संथ, बोलणं जवळजवळ नाही.

ढोल्या दोन दिवसांत शिकला. बिजलीला फरशीसारख्या कडक जागेवर बसायला आवडत नाही. अंगावर चरबी नाही, हाडं टोचतात तिला. गोधडीची चौघडी केल्यावर बसली. तिला हट्टी म्हणत होतो मी.

१२ फेब्रुवारी

प्रकल्पाबाहेरची, पण लिहून ठेवतो. ओंकार सगळ्यांना घेऊन आलाय. नातू ‘मी पण ट्रेनिंग देणार’ म्हणून खिसा भरून बक्षिसं घेऊन आला. खिशात बेदाणे! तासगावचे, उत्तम प्रतीचे. नशीब, ढोल्याच्या तोंडाशी नेलेला हात सुलभाने डाव्या प्लास्टरनेच अडवला.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, ते प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, म्हणून ‘एखादा चालतो’ असं काही नाही. चुकून खाल्लेच तर वाट न बघता लगेच डॉक्टर. आमच्या जिल्ह्यात या दिवसांत घरोघरी द्राक्षांच्या करंड्या असतात. नातवाला खिशात घालायला कुत्र्यांचंच कोरडं खाणं दिलं. त्यातलं थोडं त्याने स्वतः चाखलं, असा संशय आहे.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

पहाटेपासून ढोल, ताशे, घोषणा. वर्ग नाही. परसातच फेरी. ढोल्याला मागच्या खोलीत पंखा लावून दिला, बिजली पलंगाखाली. आवाजाने आधीच भरलेल्या भांड्यात शिकवणी ओतायची नाही.

२४ फेब्रुवारी

प्लास्टर निघालं. हात वाळल्या शेंगेसारखा दिसतो. सुलभा मऊ चेंडू दाबून व्यायाम करते. चेंडू दिसला की ढोल्या... असो.

२६ फेब्रुवारी

फाटकाचं काम सुरू. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मजेचं. त्यामुळे सविस्तर.

सकाळी नाही, दुपारी तीनला, जेव्हा फिरायला जायची वेळच नसते. एकटा ढोल्या. हार्नेस, लीश ढिली. फाटकापासून दहा पावलांवर उभे राहिलो. तो शांत झाला की एक पाऊल. ताण आला की थांबलो. त्याला मागे खेचलं नाही, ‘बस’ म्हटलं नाही, ओरडलो नाही. उभा राहिलो, वडाच्या झाडासारखा. दहा पावलांना एकोणीस मिनिटं लागली.

मग कडी. हात कडीकडे नेला, ढोल्या पुढे झेपावला. हात परत खिशात. त्याने माझ्याकडे बघितलं. पुन्हा हात कडीकडे, पुन्हा झेप, पुन्हा खिशात. सातव्या वेळी तो जागचा हलला नाही, फक्त थरथरत होता. कडीला बोट लावलं. आठव्या वेळी कडी उचलली, ‘खट’ वाजली, तो उठला. कडी परत खाली. असं करत एकविसाव्या वेळी फाटक वीतभर उघडलं आणि ढोल्या बसून होता. मी काही सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच गणित सोडवलं : मी पुढे सरकलो की फाटक लांब जातं, मी थांबलो की जवळ येतं.

या गणिताचं बक्षीस चिकन नाही. त्या क्षणी मी तुकडा पुढे केला तर त्याने बघितलंही नाही. बक्षीस म्हणजे बाहेरचा रस्ता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅकने मांडलेलं तत्त्व असंच आहे : जे काम करायला जीव आसुसलेला असतो, तेच काम कमी आवडत्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. आमच्या आईने प्रेमॅकचं नावही ऐकलं नव्हतं. पण ‘पाढे म्हण, मग विटीदांडू’ हे तिचं रोजचं होतं.

२ मार्च

माझी चूक. लग्नाला मिरजेला जायचं होतं, उशीर झाला होता. ढोल्या फाटकाशी ओढत होता तरी ‘आजच्या दिवस’ म्हणून उघडलं. काटा लावला नव्हता, पण हाताला कळलं.

५ मार्च

त्या एका दिवसाची किंमत तीन दिवस. सोमवारी एकतीस प्रयत्न, मंगळवारी सव्वीस, आज अठरा. कधीच न उघडणारं फाटक कुत्रं सोडून देतं. कधीतरी उघडणाऱ्यावर मात्र ते लॉटरीच्या तिकिटासारखा पैसा लावत राहतं. यापुढे नियम असा : वेळ नसेल त्या दिवशी फेरी नाही. परसात वास घ्यायचा खेळ आणि पुरे.

९ मार्च

वास घ्यायच्या खेळाबद्दल. परसात गवताच्या पट्ट्यावर मूठभर कोरडं खाणं फेकून द्यायचं आणि शोधू द्यायचं. आठ-दहा मिनिटं दोघंही नाक खाली घालून, एकमेकांपासून लांब. चेंडूने जे झालं त्याच्या नेमकं उलट. श्वास लांब होतो, शेपटी मध्यावर येते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. तेवढी यंत्रणा चालवायची तर बाकी गोंगाट बंद करावा लागत असणार. २०१९ साली शार्लोत द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला : दोन आठवडे वास शोधायचा सराव केलेली कुत्री, नुसतं मालकाच्या पायाशी चालायचा सराव केलेल्यांपेक्षा, खाऊ आहे की नाही ते नक्की नसलेल्या भांड्याकडे जास्त लगबगीने गेली. आशावादी कुत्रं फाटकाशी कमी घाई करतं का, ते त्यांनी मोजलेलं नाही. मी मोजलं : खेळानंतर कडीचे प्रयत्न सहा.

१४ मार्च, धुळवड

कुठेही नाही. बिजलीवर कुणी गच्चीतून फुगा टाकला. पुसून घेतली.

१६ मार्च

दोघांना एकत्र. आणि सगळं मुसळ केरात.

एकटा ढोल्या चार प्रयत्नांत बाहेर. एकटी बिजली दोन. दोघं मिळून चाळीस, आणि तेही अर्धवट सोडले. ती थरथरली की तो कुईं करतो, त्याने कुईं केलं की ती उडते. एका चुलीवर दोन पातेली असती तर बरं. हे एकमेकांची चूल झालेत.

२१ मार्च

मार्ग सापडला, अपघाताने. आमच्या कामवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. ढोल्याने त्यांचं कोरडं फडकं उचललं आणि तोंडात धरून फाटकापर्यंत आला. पूर्ण वेळ गप. तोंड भरलेलं असलं की भुंकता येत नाही, माझं मनगट धरता येत नाही, आणि उडीही निम्मीच मारतो. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यातून मासे नि जाळ्यांचे दोर आणायचे, पुढे ब्रिटनमध्ये शिकार उचलून आणायला पाळले गेले. तोंडात काही धरून चालणं हे त्याचं पिढीजात काम. चार वर्षं तो माझं मनगट धरत होता ते कदाचित दुसरं काही हातात, म्हणजे तोंडात, दिलं नव्हतं म्हणून.

मावशींनी फडकं दान केलं. ‘न्या काका, तसंबी भोक पडलंय त्याला.’

क्रम असा ठरला : आधी बिजलीला पट्टा, ती गोधडीवरच. मग ढोल्याला हार्नेस आणि फडकं. आधी ढोल्या दाराबाहेर, चार पावलांवर बिजली. दोघांत माझं अंग. फाटकाशी दोघंही बसली तरच कडी. आज अकरा प्रयत्न.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर सुलभा पहिल्यांदाच फाटकाशी बघायला आली. खुर्ची टाकून बसली. पाच मिनिटांनी म्हणाली,
‘अहो, तुम्ही श्वास धरता.’
‘कुठे?’
‘कडीला हात लावताना. आणि दोरी आखडता. त्याच्या आधी.’

पटलं नाही. तानकाटा लावला. ढोल्या बसलेला, फडकं तोंडात, शेपटीसुद्धा हलत नाही. मी कडीकडे हात नेला. काटा : ३ किलो. कुत्रं हललेलं नाही. हे तीन किलो माझे.

जानेवारीतल्या १९ मधले किती माझे होते, ते आता काढता येत नाही. वहीत तसा रकाना नव्हता.

तिने एक तोडगा दिला : कडीला हात लावताना मोठ्याने आकडे म्हणायचे. बोलताना श्वास धरता येत नाही. मी ‘एक, दोन, तीन’ म्हणत फाटक उघडतो. काटा अर्ध्या किलोवर. जोश्यांच्या नातवाला वाटतं, मी कुत्र्यांना अंक शिकवतोय.

६ एप्रिल

उन्हं वाढली. सहाच्या आत परत यायचं, म्हणून सगळा कार्यक्रम अर्धा तास अलीकडे आणला. संध्याकाळची फेरी अंधार पडल्यावरच, तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघितल्याशिवाय नाही. ढोल्याचं वजन ३५.९. प्रयत्न : दोन, तीन, दोन, एक, दोन.

मंगळवारी फाटकाबाहेर मांजर बसलेलं होतं. बिजली उठली. मी पाच मिनिटं थांबलो, मांजर हललं नाही, बिजली बसली नाही. फाटक न उघडता सगळे मागे फिरलो. मांजर जिंकलं. चालायचंच.

१३ एप्रिल, रविवार

हाडांच्या डॉक्टरांनी शुक्रवारी परवानगी दिली : एक कुत्रं, उजव्या हातात.

४.४० मागचं दार. ४.५० चहा. कप मोरीत, दोघंही झोपलेली. ५.०० गवतात शोधाशोध. ५.१० पट्टे. सुलभाने ढोल्याला घेतलं. मी बिजलीला. मी तानकाटा आणायला वळलो तर म्हणाली, ‘तो आत ठेवा.’ ठेवला.

फाटकाशी ती थांबली. ढोल्याने फडकं तोंडात धरलेलं, तिच्या मनगटाकडे एकदा बघितलं आणि बसला. तिने कडी उचलली. ती आकडे म्हणाली नाही. भीमरूपीची पहिली ओळ पुटपुटली. फाटक पूर्ण उघडलं. ढोल्या बसूनच. ती म्हणाली, ‘चल रे.’ पूर्वीच्या ‘चला चला चला’मधलं एकच उरलेलं, तेही खालच्या पट्टीत.

प्रयत्न : एक. कोपऱ्यापर्यंत लीशला झोळ होता. वडाशी ढोल्याने फडकं खाली ठेवून लघवी केली आणि फडकं परत उचललं.

परतलो तेव्हा सहा वाजत होते. दूधवाला फाटकाशी उभा, वैतागलेला. ‘काका, काय झालंय? तीन घरचं दूध ऱ्हायलं आज. कुत्री आजारी हायत व्हय?’ उद्यापासून जोश्यांकडे बेल वाजवायचं त्याने कबूल केलंय.